पडत्या मोटारसायकलीचें रक्षण

एकामागें एक अशीं दोन चाकें असलेलें वाहन हें स्वभावतःच पडणारें वाहन आहे. तें धांवत असतें तोंवर उभें राहतें. थांबलें कीं त्यास पायाचा किंवा स्टँडचा टेकू लागतो. ही गोष्ट मोटारसायकलीच्या जनकांसहि ठाऊक होती. जर्मनींत १८८५ सालीं गॉट्लीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख यांनीं अंतर्ज्वलन यंत्रावर चालणारी जी पहिली दुचाकी सिद्ध केली, तिची चौकट लांकडाची होती आणि तिच्या दोन्ही बाजूंस आधारासाठीं एकेक लहान चाक बसविलेलें होतें. म्हणजे यंत्र जन्मास आलें तेंच पडण्याची भीति बरोबर घेऊन. पुढें तीं बाजूचीं चाकें गेलीं. भीतीचें कारण मात्र गेलें नाहीं. गाडी पडूं नये यासाठीं काय करावें हें पुष्कळ वेळां सांगितलें जातें. ती पडलीच तर तिची व आपली हानि कमी कशी व्हावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ हौशी तरुणांचा नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजीं दोन भाग झाले. त्यांतील पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्यांत आजहि अनेक गांवांस रेल्वे नाहीं, आणि एस. टी. दिवसांतून एखाददुसऱ्या वेळीं येते. तेथें मोटारसायकल हीच बैलगाडी, तीच टपाल, आणि अडल्या वेळीं तीच रुग्णवाहिका होते. आलापल्लीहून भामरागडाकडे निघालें म्हणजे साठ किलोमीटरांहून अधिक वाट साग, ऐन व बांबू यांच्या रानांतून जाते. शहरांतील श्रोत्यांची गाडी पडली तर थोडा खर्च होतो. पलीकडच्या गल्लींत मिस्त्री असतोच. या वाटेवर गाडी पडून गिअरचा लिव्हर मोडला, तर माणसाचा दिवस जातो. पावसाळ्याचे दिवस असले आणि पुढें नाल्याला पाणी आलेलें असलें, तर रात्रहि जाते. गाडीवर मागें कोणी आजारी मनुष्य बसलेला असेल, तर आणखी काय जाईल हें सांगावयास नको.

या रक्षणाची विद्या उत्तम प्रकारें विकसित झाली ती ‘सुपरमोटो’ नांवाच्या मोटारसायकलीवर. म्हणून प्रथम तिची ओळख करून घेऊं. १९७९ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत कार्ल्सबाड येथें दूरचित्रवाणीसाठीं ‘सुपरबाइकर्स’ नांवाची एक शर्यत भरविण्यांत आली. गॅव्हिन ट्रिप या आयोजकाची कल्पना अशी होती कीं, डांबरी रस्त्यावरचे, मातीच्या वाटोळ्या धांवपट्टीवरचे आणि खांचखळग्यांच्या मैदानावरचे असे तिन्ही प्रकारचे स्वार एकाच शर्यतींत उतरवावे आणि त्यांत खरा श्रेष्ठ कोण तें पाहावें. शर्यतीचा मार्ग कांहीं डांबरी, कांहीं मातीचा. मातीवर चालणाऱ्या उंच, हलक्या गाडीस डांबरी रस्त्याचीं रुंद व लहान चाकें बसवून जी मिश्र जात निर्माण झाली, तीच सुपरमोटो. अमेरिकेंतील तो कार्यक्रम १९८५ च्या सुमारास बंद पडला. परंतु फ्रान्स व युरोपांतील इतर देशांत हा खेळ रुजला आणि वाढला.

मातीवरच्या गाडीस पुढें २१ इंची व मागें १८ किंवा १९ इंची चाक असतें. आपल्याकडे २०१९ सालीं आलेली हीरो कंपनीची एक्सपल्स २०० ही गाडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस हें मोठें पुढचें चाक आठवेल. सुपरमोटोंत तें काढून पुढें व मागें सामान्यतः १७ इंची चाकें घालतात आणि त्यांवर डांबराला घट्ट धरणारे रुंद टायर चढवितात. शॉकअॅब्सॉर्बर मात्र बरेच लांब राहतात, हँडल रुंद राहतें, आणि गाडीच्या अंगावर फायबरचें आवरण जवळजवळ नसतेंच.

अशी गाडी पडते कशी, हें पाहिल्यावांचून तिचें रक्षण कळणार नाहीं. वळणावर स्वार आंतल्या बाजूचा पाय पुढें टाकतो, गाडी खूप कलती करतो, आणि मागचें चाक थोडें घसरूं देतो. तें घसरणें मर्यादेबाहेर गेलें कीं गाडी आंतल्या कुशीवर झोपते व तशीच रस्त्यावरून घांसत जाते. झोपलेली गाडी सबंध अंगानें जमिनीस टेकत नाहीं. ती मुख्यतः तीन ठिकाणीं टेकते: हँडलाचें टोक, फूटरेस्टचें टोक आणि चाकाच्या आंसाचें टोक. गॅरेजांत या आंसास एक्सल म्हणतात. पुढच्या चाकाचा आंस फोर्कच्या दोन पायांच्या तळाशीं असतो, मागचा स्विंगआर्मच्या टोकाशीं. तेव्हां गाडी घांसत गेली म्हणजे आंसाचा नट, फोर्कचा तळ आणि त्याच्या जवळचे बोल्ट दगडावर धरलेल्या विळ्यासारखे झिजतात. नटाची षट्कोनी आकृति एकदां घांसून गोल झाली कीं त्यावर पाना बसत नाहीं. पाना बसला नाहीं कीं चाक निघत नाहीं. आणि चाक निघालें नाहीं तर पंक्चरहि काढतां येत नाहीं.

या तीन ठिकाणीं आधींच एक झिजण्याजोगी वस्तु लावून ठेवावी, हें त्यावरचें उत्तर. तिलाच स्लायडर म्हणतात. प्लॅस्टिकचा हा लहानसा गट्टू आंसाच्या टोकावर बसतो आणि गाडी पडली तर नटाऐवजीं तोच जमिनीवर घांसतो. कल्पना आपल्या शेतकऱ्यास नवी नाहीं. पक्क्या सडकेवर चालणाऱ्या बैलाच्या खुरास पत्री मारतात, ती बैल जोरानें चालावा म्हणून नव्हे. खूर झिजूं नये, पत्री झिजावी म्हणून. पत्री झिजली तर दुसरी मारतां येते. खूर झिजला तर बैल बसतो. स्लायडर हा मोटारसायकलीच्या आंसास मारलेली पत्री होय.

त्याचें दुसरेंहि एक काम आहे. धातूचा टोंकदार नट डांबरांत रुततो, आणि रुतला कीं घांसत जाणारी गाडी एकाएकीं त्या टोकाभोंवतीं फिरते किंवा उलटून कोलांटी खाते. गोल कडांचा गुळगुळीत गट्टू न रुततां सरकतो, म्हणून गाडी सरळ घांसत जाऊन थांबते. शर्यतींत तर याचा आणखी एक लाभ असा कीं, धांवपट्टीच्या डांबरावर चरे पडत नाहींत आणि मागून येणाऱ्याच्या वाटेंत धातूचे तुकडे उरत नाहींत. त्यामुळें सुपरमोटोच्या शर्यतींत आंसाचीं, फूटरेस्टचीं व हँडलाचीं टोकें अशा रीतीनें झांकलेलीं असावीं असा दंडक आहे.

येथें शाळेंतील गणित थोडें उपयोगीं पडतें. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. या वेगानें जाणाऱ्या गाडींत जी गतिज शक्ति असते, ती तीच गाडी सुमारें ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, खालीं सोडली असतां तिला जितकी मिळेल तितकी असते. ही सारी शक्ति थांबेपर्यंत कोठेंतरी खर्च व्हावयास हवी. ती घर्षणांत हळूहळू खर्च झाली तर ठीक. एका धडकेंत खर्च झाली तर अनर्थ. पडलेल्या गाडीचा व रस्त्याचा घर्षणगुणक निम्मा, म्हणजे ०·५, धरला तर ताशीं ४० च्या वेगानें पडलेली गाडी सुमारें साडेबारा मीटर घांसत जाते. वेग ताशीं ६० असेल तर अंतर सुमारें २८ मीटर होतें. वेग दीडपट झाला, अंतर सव्वादोनपट झालें. कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. हा नियम ज्याच्या मनांत ठसला, त्यास वेगाविषयीं निराळा उपदेश करण्याची फारशी गरज उरत नाहीं.

आतां गट्टू कोणत्या द्रव्याचा असावा तें पाहूं. लोखंड वा अॅल्युमिनियम येथें कामाचें नाहीं. तें रुततें आणि आघात सरळ आंसाकडे पोंचवितें. तीन प्लॅस्टिकें प्रचारांत आहेत. पहिलें नायलॉन. हें १९३५ सालीं अमेरिकेंत वॅलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेंत प्रथम तयार झालें. तें चिवट आहे आणि सुमारें २२० अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळत नाहीं. पण तें पाणी शोषून किंचित् फुगतें. ज्या प्रदेशांत चार महिने पाऊस कोसळतो, तेथें हा दोष ध्यानांत ठेवावयास हवा. घट्ट बसविलेला गट्टू पावसाळ्यांत अधिक आंवळतो आणि उन्हाळ्यांत ढिला होतो. दुसरें अॅसिटाल, जें डेलरिन या व्यापारी नांवानें अधिक परिचित आहे. तें १९६० च्या सुमारास बाजारांत आलें. तें कठीण व गुळगुळीत असतें, फार थोडें पाणी शोषतें, आणि लेथवर सुबक कापलें जातें. तें सुमारें १७५ अंशांस वितळतें. तरीहि स्लायडरसाठीं बहुतेक कारागीर याचीच निवड करतात. तिसरें जड जातीचें पॉलिथीन. तें स्वस्त व फार घसरतें आहे, परंतु १३० अंशांच्या आसपासच मऊ पडतें आणि लांब घसरगुंडींत लवकर झिजतें. चंद्रपुरांत उन्हाळ्यांत पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. तेवढ्यानें यांपैकीं कोणतेंहि प्लॅस्टिक वितळणार नाहीं. पण सततच्या दाबाखालीं व उष्णतेंत प्लॅस्टिक थोडें दबतें आणि आंवळलेला बोल्ट सैल पडतो, हें मात्र खरें.

बसविण्याची रीत अशी. पुष्कळ गाड्यांचा आंस आंतून पोकळ असतो. त्या पोकळींतून एक लांब पोलादी सळई आरपार घालतात, तिच्या दोन्ही टोकांस आटे असतात, आणि प्रत्येक टोकावर एकेक गट्टू बसवून नटानें आंवळतात. प्रथम आंस खरोखर पोकळ आहे कीं नाहीं तें पाहावें. एका बाजूनें विजेरी धरली असतां दुसऱ्या बाजूस उजेड दिसला पाहिजे. रोजच्या वापराच्या अनेक साध्या गाड्यांचे आंस भरीव असतात. तसा असेल तर त्यांत भोंक पाडण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. ज्या दांड्यावर सबंध गाडीचा व माणसाचा भार आहे, तो कोरून त्याचें रक्षण करणें म्हणजे भिंत पोखरून तिच्यांत कुलूप ठेवण्यासारखें आहे.

आंस पोकळ असेल तर मापें घ्यावीं: पोकळीचा व्यास, आंसाची एकंदर लांबी, आणि आंसाच्या टोकापासून फोर्कच्या सर्वांत पुढें आलेल्या भागापर्यंतचें अंतर. सळई पोकळींत सहज सरकेल इतकी बारीक असावी. गट्टूचा व्यास ४० ते ४५ मिलिमीटर व लांबी ३५ ते ४० मिलिमीटर एवढी बहुधा पुरते. त्याच्या बाहेरच्या तोंडांत खोल खळगा करून नट त्यांत निदान दीड सेंटिमीटर आंत राहील अशी योजना करावी. नाहींतर गट्टू थोडा झिजतांच नट जमिनीस लागेल आणि सारा खटाटोप फुकट जाईल. गट्टूच्या आंतल्या तोंडास आंसाच्या टोकावर नीट बसेल अशी बैठक कापलेली असावी. ही बैठक फार महत्त्वाची आहे. गट्टूचा दाब आंसाच्या टोकावर पडला पाहिजे, फोर्कच्या पायावर नव्हे. तो फोर्कवर पडला तर सळई आंवळतांना फोर्कचे दोन पाय एकमेकांकडे ओढले जातात. ते समांतर राहिले नाहींत कीं शॉकअॅब्सॉर्बर अडखळतो, आणि खड्ड्यांत पुढचें चाक जसें वरखालीं व्हावें तसें होत नाहीं. गाडी पडल्यावर उपयोगीं पडावी म्हणून लावलेली वस्तु अशा वेळीं गाडी पाडण्यास कारण होते.

म्हणून क्रम चुकवूं नये. आधीं चाकाचा मूळ नट व फोर्कच्या तळाचे आंवळणीचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाप्रमाणें घट्ट करावे. मग सळई घालावी, गट्टू बसवावे, वॉशर घालावा, आणि नायलॉनची कडी असलेला न सुटणारा नट लावावा. तो बोटांनीं बसेल तितका बसवून, पान्यानें थोडाच आणखी फिरवावा. स्लायडरच्या सळईवर गाडीचा कोणताहि भार नसतो. तिनें फक्त गट्टू जागेवर धरावयाचे असतात. ज्यास जोर लावल्यावांचून समाधान होत नाहीं असा मिस्त्री येथें गट्टू फोडून बसतो. शेवटीं नटावर व गट्टूवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. पुढें रेघ तुटलेली दिसली कीं नट सरकला असें समजावें. पहिल्या ५० किलोमीटरांनंतर एकदां आणि मग प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळीं तपासणी करावी.

मागच्या चाकास हीच रीत. तेथें मात्र साखळी ताणण्याचे बोल्ट, ब्रेकचा भाग आणि सायलेन्सर यांस गट्टू लागत नाहीं ना, हें साखळी सैल व ताठ अशा दोन्ही स्थितींत पाहावें. सर्व बसवून झाल्यावर चाक अधांतरीं धरून हातानें फिरवावें, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावें, पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून सोडावा. कोठेंहि घांसण्याचा आवाज येऊं नये. ब्रेकची नळी वा वेगमापकाची तार ताणली जाऊं नये. आणि एक सूचना, जी शहरांतील मिस्त्री सहसा देत नाहीं: स्लायडर काढल्यावांचून आतां चाक निघणार नाहीं. तेव्हां त्याच्या नटाचा पाना गाडीच्या हत्यारांत कायमचा ठेवावा. एटापल्लीच्या वाटेंत पंक्चर झालें आणि हाच एक पाना घरीं राहिला, तर तें रक्षण माणसास चांगलेंच महाग पडेल.

आंसाप्रमाणें इंजिनाच्या बाजूसहि चेसिसला बोल्टानें जोडलेले स्लायडर लावतात. त्यांविषयीं एकच नियम सांगतों. गट्टू जितका लांब, तितकी तरफ मोठी. ६० मिलिमीटरांऐवजीं १२० मिलिमीटर लांबीचा गट्टू लावला, तर त्याच धक्क्यानें बोल्टावर दुप्पट पीळ पडतो, आणि बोल्ट वांकून चेसिसचा कानच तुटतो. ज्याची किंमत शंभर रुपये तें वांचवितांना ज्याची किंमत हजारों रुपये तें मोडावें, हा कांहीं हिशेब नव्हे.

येथवरचें विवेचन डांबरी रस्त्यास धरून झालें. पण आमच्या अरण्यांतील रस्त्यांचें काय? येथें विचार बदलावा लागतो. स्लायडर सरकतो तो कठीण व सपाट पृष्ठभागावर. मुरमाच्या वा वाळूच्या वाटेवर तोच गट्टू नांगराच्या फाळासारखा जमिनींत शिरतो. शिवाय जेथें सडकेच्या कडेलाच सागाचीं झाडें उभीं आहेत, तेथें गाडी दूरवर घसरत जाणें हें नेहमींच हिताचें असतें असें नाहीं. म्हणून गाडी मुख्यतः कोणत्या वाटेवर चालते व ती कोणत्या प्रकारें पडण्याचा संभव आहे, हें पाहूनच रक्षणाची निवड करावी.

आमच्याकडील पडणें दोन प्रकारचें. पहिलें पक्क्या रस्त्यावरचें. घुग्घुस, बल्लारपूर या बाजूंस कोळशाची भुकटी रस्त्यावर सांचते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला कीं तिचें काळें वंगण होतें. मूल, सावली, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यांत रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांस लागून आलेला चिखल डांबरावर पसरतो. सूरजागडचें लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या मार्गावर खड्डे व बारीक खडी यांची भर. ताडोब्याच्या भोंवतालच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर रानडुक्कर किंवा चितळ केव्हां आडवें येईल याचा नेम नाहीं. अशा ठिकाणीं गाडी घसरून कुशीवर पडते, आणि तेथें आंसाचे व फूटरेस्टचे स्लायडर आपलें काम चोख बजावतात.

दुसरें पडणें अगदीं मंद वेगाचें: नाल्याच्या वाळूंत, चिखलांत, किंवा उभ्या गाडीचा तोल जाऊन. यांत आंसास कांहीं होत नाहीं. मोडतो तो क्लचचा किंवा ब्रेकचा लिव्हर, आणि वांकतो तो गिअरचा पाय. त्यासाठीं हँडलाच्या दोन्ही टोकांस जोडलेला धातूच्या पट्टीचा हँडगार्ड स्लायडरपेक्षां पुष्कळ अधिक उपयोगी. तो लिव्हर वांचवितो, आणि वाटेंतील बांबूच्या कांट्या बोटांस लागूं देत नाहीं. मातीवर चालणारे जाणते स्वार आणखी एक युक्ति करतात. लिव्हरची हँडलावरील पकड ते इतपतच आंवळतात कीं, नेहमींच्या वापरांत ती हलत नाहीं, पण गाडी पडली तर लिव्हर न मोडतां फिरून जातो. इंजिनाच्या खालीं दगड लागूं नये म्हणून पत्र्याचें तबक बसवावें. आणि एक जादा लिव्हर व क्लचची एक जादा तार सीटखालीं बांधून ठेवावी. इतकें केलें कीं भामरागडाच्या वाटेवरील निम्म्या अडचणी घरींच संपतात.

आतां जो प्रश्न बहुतेक श्रोत्यांच्या मनांत आला असेल, तो घेतों: आमच्या साध्या गाडीस लेग गार्ड आहे, मग हें सारें कशास? लेग गार्ड म्हणजे इंजिनाच्या पुढें लावलेली नळीची कमान. गाडी उभ्या जागीं किंवा हळू वेगांत आडवी झाली तर ती टाकी व इंजिन वांचविते, यांत शंका नाहीं. परंतु तिचें नांव लेग गार्ड असलें तरी ती पायाचें रक्षण करतेच असें समजूं नये. अमेरिकेंत हॅरी हर्ट या प्राध्यापकांनीं लॉस एंजेलिसच्या परिसरांतील ९०० मोटारसायकल अपघातांची जागच्या जागीं जाऊन तपासणी केली आणि १९८१ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, या कमानीमुळें घोटा व पाऊल यांच्या इजा कमी होतात खऱ्या, पण मांडी, गुडघा व नडगी यांच्या इजा तितक्याच वाढतात. जमाखर्च सारखाच राहतो. त्याच अहवालानें डोक्याची इजा टाळण्यासाठीं हेल्मेट हेंच सर्वांत निर्णायक साधन ठरविलें.

हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो स्पष्ट शब्दांत सांगतों. स्लायडर यंत्राचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. पडलेली गाडी पुन्हा चालूं लागावी, माणूस घरीं पोंचावा, एवढाच त्याचा आवांका. ज्यानें गाडीस हजार दोन हजारांचे स्लायडर लावले आणि हेल्मेट हँडलाला टांगलें, त्यानें आपल्या डोक्यापेक्षां आंसाच्या नटाची किंमत अधिक केली. आमच्याकडे असें चित्र दुर्मिळ नाहीं. उन्हाळ्याच्या झळांत हेल्मेट जड होतें हें खरें आहे. पण मोकळ्या डोक्यास रस्ता त्याहून पुष्कळ जड होतो.

कायद्याचा थोडा विचार करून आटोपतों. मागें बसणाऱ्यासाठीं हातपकड व पायटेकणें असावें, आणि लुगड्याचा पदर वा धोतर चाकांत जाऊं नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें साधन असावें, असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. हेंच आपलें साडी गार्ड. गाडी देखणी दिसावी म्हणून मुलगे तें प्रथम काढून टाकतात. आणि मग त्याच गाडीवर आई मागें बसते. नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरबदल १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम करूं देत नाहीं. म्हणून २१ इंचांचें चाक काढून १७ इंचांचें घालण्याची ज्याची इच्छा असेल, त्यानें आधीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी. आंसाचा गट्टू ही त्यामानानें लहान गोष्ट. तरी तो हँडलाच्या रुंदीबाहेर येऊं नये आणि त्याच्या कडा गोल असाव्या, म्हणजे बाजारांतून जातांना दुसऱ्याच्या पोटरीस लागणार नाहीं.

सारांश असा. डांबरी रस्त्यावर वेगानें चालणाऱ्या व पोकळ आंस असलेल्या गाडीस अॅसिटालचे आंंखूड, गोल कडांचे स्लायडर लावावे. ते मूळ नट घट्ट केल्यावर, हलक्या हातानें आंवळावे, आणि त्यांचा पाना जवळ ठेवावा. रानवाटेनें जाणाऱ्यानें आधीं हँडगार्ड, इंजिनाखालचें तबक व जादा लिव्हर यांची सोय करावी. आंस भरीव असेल तर त्यास हात लावूं नये. साडी गार्ड जागेवर ठेवावें. आणि या सर्वांच्या आधीं, गाडीची किल्ली फिरविण्यापूर्वीं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखालीं बांधावा. मागें जो बसला असेल त्याच्याहि.